हिरव्या शाईचं उत्तर

"बाई, एक इचारू का?"

गुप्तेबाईंच्या स्पॅनिशच्या वर्गात हे वाक्य पहिल्यांदा ऐकू आलं, तेव्हा आम्ही अकराजण बालवाडीच्या बुटक्या खुर्च्यांवर गुडघे हनुवटीशी घेऊन बसलो होतो. संध्याकाळी बालवाडी सुटली की ती खोली बाईंना मिळायची. भिंतीवर अक्षरांच्या तक्त्यातले अननस, आगगाडी आणि इजार, आणि त्यांच्याखाली आम्ही: दोन इंजिनिअर, एक निवृत्त पोस्टमास्तर, चार कॉलेजकन्यका आणि असेच आणखी जुने-नवे. मी, विदुला दामले, बाईंकडे तीन वर्षं शिकणारी, पहिल्या रांगेत. तिथं दुसरं कुणी बसत नसे.

मागच्या दाराशी एक मुलगी उभी होती. हिरव्या काठाची सुती साडी, खांद्याला रेक्झिनची पर्स, केसांना चापूनचोपून तेल. त्या वर्षीचा वर्ग सुरू होऊन तीन आठवडे झाले होते आणि ही आज उगवत होती.

"विचार की," बाई म्हणाल्या.

"ह्या वर्गात नाव घालायला कॉलेज झालेलं लागतंय का?"

कॉलेजकन्यका फिस्सकन हसल्या. मीही हसले, पण तोंड मिटून. बाई मात्र चष्मा कपाळावर सरकवून तिच्याकडे बघत राहिल्या.

"नाही लागत. कशाला शिकायचंय तुला स्पॅनिश?"

"आमच्या एस.टी.डी. बूथवर एक पोरगी येती. तिकडची हाय. दर रविवारी घरी फोन लावती आन बोलता बोलता रडती. मला इचारायचं असतंय, बाई काय झालं तुला, पर इचारायचं कसं तेच येईना."

"ये, बस," बाई म्हणाल्या, आणि माझ्याच शेजारची खुर्ची दाखवली. वैजयंता साळुंखे अशी माझ्या शेजारी येऊन बसली. ही गोष्ट शहाण्णव सालच्या जुलैतली.

गुप्तेबाईंबद्दल सांगायला हवं. त्यांचे यजमान वकिलातीत होते, त्यामुळे अकरा वर्षं लिमा आणि माद्रिदमध्ये काढून त्या पुण्याला परतल्या होत्या. बाई कुणाची स्तुती करत नसत. चूक झाली की हिरव्या शाईनं एक बारीक रेघ ओढायच्या, बस्स. वर्गात हिरवी शाई म्हणजे बाई. कुणाच्या वहीत हिरवं काही दिसलं की शेजारचा मान वाकडी करून बघायचाच. आणि त्या जूनमध्ये बाईंनी मला स्वतःचं एक हिरवं पेन दिलं होतं. म्हणाल्या, "नवशिक्यांच्या वह्या तू तपासत जा, माझे डोळे दुखतात." ते पेन मी ऑफिसात कधी वापरलं नाही. घरी कपाटात, रुमालात गुंडाळून ठेवत असे. इतकी मूर्ख होते मी, आणि इतकी सुखात.

मी चुकत नसे, हा माझा लौकिक होता. चुकत नसे कारण मी कधी विचारत नसे. आमच्या घरी प्रश्न विचारणं म्हणजे आपल्याला येत नसल्याची कबुली. अडलं की शब्दकोश काढायचा, रात्र घालवायची, पण तोंड उघडायचं नाही. आणि ही वैजयंता! दर पाच मिनिटांनी "एक इचारू का". महिन्याभरात तेच ती स्पॅनिशमध्ये विचारायला लागली. क्रियापदाचा काळ चुकायची, पुल्लिंग-स्त्रीलिंगाचा पार काला करायची, पण विचारायची. आणि बाई हसायच्या. तीन वर्षांत मी बाईंना तसं मोकळं हसताना पाहिलं नव्हतं.

दिवाळीनंतर मला कळलं की बाई मुलाला अमेरिकेत फोन लावायला वैजयंताच्या बूथवर जातात. बाईंच्या घरापासून तीन मिनिटांवर एक बूथ होता. तो सोडून धनकवडीपर्यंत रिक्षानं! एका गुरुवारी मी मुद्दाम वाट वाकडी करून तिकडून गेले. वैजयंताचे वडील एस.टी.त ड्रायव्हर होते, दृष्टी अधू झाली म्हणून नोकरी सुटली आणि हा बूथ मिळाला, एवढं मला ऐकून माहीत होतं. काचेतून बघते तर ते बिलाच्या मशीनपाशी बसलेले, आवाजावरून माणसं ओळखत होते. आणि आत लाकडी स्टुलावर गुप्तेबाई! मांडीवर परात, परातीत मटारच्या शेंगा. वैजयंता सोलतेय, बाई सोलतायत, आणि ती काहीतरी विचारतेय आणि बाई मान मागे टाकून हसतायत.

मी बाईंच्या घरी तीन वर्षं जात होते. मला तिथं सरबत मिळायचं, काचेच्या ग्लासातून, बशीसकट.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. घरी येऊन मी आईशी विनाकारण भांडले आणि जेवले नाही. मत्सर हा शब्द मला तेव्हा सुचला नाही. बाईंची फसवणूक होतेय, असंच मला प्रामाणिकपणे वाटत होतं.

जानेवारीत बाईंनी आम्हाला 'प्रेगुन्तार' हे क्रियापद नीट शिकवलं. प्रेगुन्तार म्हणजे विचारणं. आणि 'मे प्रेगुन्तो' म्हणजे मी स्वतःला विचारते.

"आपण मराठीत म्हणतो, मला प्रश्न पडतो," बाई म्हणाल्या. "जशी काही छतावरून पाल पडली! ह्या भाषेत तसं चालत नाही. तुमचा प्रश्न तुम्हीच स्वतःला विचारायचा. मग बघा, किती प्रश्न खरे उरतात ते."

आणि त्या दिवसापासून डबा सुरू झाला. बिस्किटांचा चौकोनी पत्र्याचा डबा. दर शनिवारी प्रत्येकानं एक चिठ्ठी टाकायची. सुरुवात 'मे प्रेगुन्तो सी', म्हणजे 'मला प्रश्न पडतो की', आणि पुढं स्वतःचा प्रश्न. मोठ्या, कॅपिटल अक्षरांत लिहायचं, म्हणजे हस्ताक्षर कळत नाही. मग डबा हलवून प्रत्येकानं एक उचलायची, घरी जाऊन मागच्या बाजूला उत्तर लिहायचं आणि पुढच्या शनिवारी परत टाकायची. आपापली चिठ्ठी आपण शोधून घ्यायची. नियम दोनच. प्रश्न खरा हवा आणि खऱ्या प्रश्नाला उत्तरही खरंच द्यायचं. आणि चिठ्ठी कुणाची, उत्तर कुणाचं, हे कधीही विचारायचं नाही.

"बाई, तुम्ही पण उचलणार का चिठ्ठी?" पोस्टमास्तरांनी विचारलं.

बाई नुसत्या हसल्या. त्यामुळे बाईही उचलतात, असं वर्गात सगळ्यांनी धरून चालायला सुरुवात केली.

मी डब्यात काय टाकत असे? 'मला प्रश्न पडतो, उद्या ऊन पडेल का.' बाईंनी शिकवलेलं व्याकरण त्यात सगळं बिनचूक असायचं.

फेब्रुवारीच्या शेवटी बाईंनी ती बातमी सांगितली. स्पेनमधल्या एका जुन्या विद्यापीठाची नऊ महिन्यांची शिष्यवृत्ती होती, सप्टेंबरपासून. बाईंनी आपल्या वर्गातून एकच नाव सुचवायचं. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मीही बाईंकडे बघितलं. बाई खाली डब्याकडे बघत होत्या.

"मी पंधरा दिवसांत ठरवते," त्या म्हणाल्या.

ठरवते! त्यात ठरवायचं काय होतं? वर्ग सुटल्यावर मी वह्या देण्याच्या निमित्तानं मागे रेंगाळले. बाईंनी विषय काढलाच नाही. शेवटी चपला घालता घालता म्हणाल्या, "विदुला, तू पुस्तकातून शिकतेस. तुला ते इथंही मिळेल. वैजयंता माणसांकडून शिकते. तिला तिकडे किती मिळेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही."

मी "हो बाई" म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते? घरी येईपर्यंत माझे कान गरम होते. तीन वर्षं मी एक दिवस वर्ग चुकवला नव्हता. आणि ही बया सहा महिन्यांत, चुकीच्या क्रियापदांवर स्वार होऊन, माझं स्पेन घेऊन निघाली होती.

पुढच्या शनिवारी डबा फिरला. मी हात घातला आणि चिठ्ठी बाहेर काढण्याआधीच बोटांना कळलं. बाकी सगळे वहीचा कागद फाडत. हा कागद गुळगुळीत, अरुंद, कडेनं वळलेला होता. एस.टी.डी.च्या बिलाचा. एका बाजूला जांभळ्या अक्षरांत वेळ आणि आकडे छापलेले, आणि पाठकोऱ्या भागावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं:

'मला प्रश्न पडतो की, ज्याचे डोळे जात आहेत अशा बापाला सोडून मुलीनं नऊ महिने लांब जावं का.'

दोन चुका होत्या. त्या मी आधी पाहिल्या.

ती चिठ्ठी आठवडाभर माझ्या टेबलावर पडून होती. तिला खरं उत्तर काय द्यायचं, हे मला पहिल्याच दिवशी माहीत होतं. वैजयंताच्या वडिलांची भाची त्यांच्याच वाड्यात राहत होती, बूथ तीही सांभाळायची. नऊ महिने म्हणजे काही जन्म नव्हे. जा, असंच कुणीही म्हटलं असतं.

शुक्रवारी संध्याकाळी मी नवशिक्यांच्या वह्या तपासत होते. त्यामुळे हातात हिरवं पेन होतंच. हे मी पुढं कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले की, हातात तेच पेन होतं. त्या पेनानं, मोठ्या अक्षरांत, बाई 'आर' काढताना जशी शेपटी ओढायच्या तशी शेपटी ओढून, मी छापील आकड्यांवर आडवं लिहिलं:

'जाऊ नकोस. परत येशील तेव्हा त्यांना तुझा चेहरा दिसणार नाही.'

व्याकरण बिनचूक होतं.

शनिवारी वैजयंता जरा उशिरा आली, पण इतकी खुशीत की बसतानाच माझ्या हाताला धरून म्हणाली, "विदुलाताई, वर्ग सुटल्यावर थांबा हं जरा, तुम्हाला एक सांगायचंय." डबा आला. तिनं आपला बिलाचा कागद शोधून काढला, उलटला आणि वाचला.

मी भिंतीवरच्या इजारीकडे बघत होते. तरी डोळ्यांच्या कोपऱ्यातून सगळं दिसत होतं. तिनं एकदाच बाईंकडे बघितलं. बाई फळा पुसत होत्या, त्यांची पाठ होती. मग तिनं कागदाची घडी घातली, आणखी एक घातली आणि पर्समध्ये ठेवली. त्या दिवशी तिनं एकही प्रश्न विचारला नाही.

वर्ग सुटल्यावर ती बाईंच्या टेबलापाशी गेली. मी चपला शोधत होते.

"बाई, माझं नाव नका देऊ."

"का गं?"

"बाबांना सोडून न्हाई जमायचं."

"तुझा निर्णय आहे ना हा? तुझा स्वतःचा?"

वैजयंता त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. बाई असं का विचारतात, हे तिला कळत नव्हतं. मला कळत होतं.

"व्हय बाई," ती म्हणाली आणि माझ्या शेजारून निघून गेली. ती मला जे सांगणार होती ते राहूनच गेलं.

बाई मला म्हणाल्या, "विदुला, तू काही बोललीस का तिच्याशी?"

"नाही बाई," मी म्हणाले. बोलले नव्हतेच मी.

"बरं. मग तुझं नाव देते."

मी स्पेनला गेले, नऊ महिने राहिले, परत आले. पुढं भाषांतराच्या कामात नाव झालं, लग्न झालं, बाणेरला घर झालं. बाईंना वर्षातून एकदा, वाढदिवसाला, भेटायला जायची. सरबत मिळायचं. वैजयंता मी परत येईपर्यंत बाईंच्या हाताखाली शिकवायला लागली होती. तिचे वडील त्याच पौषात गेले, हे मला स्पेनमध्ये बाईंच्या पत्रातून कळलं होतं. मी सांत्वनाचं पत्र पाठवलं होतं. मराठीत.

गेल्या वर्षी बाई गेल्या. त्यानंतर चारेक महिन्यांनी वैजयंताचा फोन आला. वर्ग आता तीच चालवत होती, त्याच बालवाडीत.

"ताई, पोरांशी बोलायला या की एकदा. बाईंच्या सगळ्यात जुन्या विद्यार्थिनी तुम्हीच."

रविवारी सकाळी गेले. खुर्च्या आता प्लास्टिकच्या होत्या, पण तितक्याच बुटक्या. मी तासभर बोलले-बिलले ते सोडून द्या. मुलं चहाला अंगणात गेली आणि आम्ही दोघीच आत उरलो. वैजयंताचे केस पांढरे झाले होते, चष्मा लागला होता, भाषा बरीच पुणेरी झाली होती. टेबलावर तो पत्र्याचा डबा होता, रंग उडालेला.

"अजून चालतो हा?" मी विचारलं.

"चालतो तर. बाईंनी माझ्या हातात दिला तेव्हा एक गंमत सांगितली." ती डब्याच्या झाकणावरून हात फिरवत होती. "म्हणाल्या, मी आयुष्यात एकही चिठ्ठी उचलली नाही. लोकांना वाटायचं उचलते म्हणून, मी वाटू दिलं."

मी चहाचा कप टेबलावर ठेवला.

तिनं पर्स उघडून एक कागद काढला आणि टेबलावर उलगडला. जांभळे आकडे पार उडून गेले होते. हिरवी शाई तशीच होती.

"दुसरं हिरवं पेन कुणाकडं होतं, ते आठवायला मला वेळ नाही लागला," ती म्हणाली.

"कधी दिला बाईंनी डबा?"

"झाली अकरा वर्षं."

"अकरा वर्षं! आणि तू बोलली नाहीस?"

"उत्तर कुणाचं ते विचारायचं नाही, नियमच होता." ती हसली. "घाबरू नका ताई. मी भांडायला नाही बोलावलं. बाई गेल्या, आता हे आपल्या दोघींतच आहे, म्हटलं तुमच्या मनावर ओझं कशाला. आणि खरं सांगू? मला तरी कुठं जायचं होतं तेव्हा. सगळे जा जा म्हणत होते. कुणीतरी थांब म्हणालं, बरं वाटलं."

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पंचवीस वर्षं जे मी वागवत आले होते, ते तिनं चहाच्या कपाबरोबर उचलून बाजूला ठेवलं होतं. पण मला काय वाटलं सांगू? राग आला. तोच, मटारच्या परातीच्या वेळचा. म्हणजे जे मी चोरलं ते हिला नकोच होतं! ज्याच्यासाठी मी स्पेनमधल्या प्रत्येक सकाळी आरशात बघायचं टाळलं, ते हिनं सहज सोडून दिलं होतं! इथंही हिचंच मन मोठं निघालं होतं, आणि वर मला माफ करून मोकळी.

तिनं कागद घडी घालायला घेतला. घड्या घालाव्या लागतच नव्हत्या, आपोआप पडत होत्या. घडीच्या रेषांवर कागद विरला होता, एका ठिकाणी तर चिकटपट्टीनं जोडलेला होता. नको असलेल्या गोष्टीची चिठ्ठी कुणी इतक्यांदा उघडून बघत नाही.

"वैजयंता," मी म्हणाले, "एक विचारू का?"

"विचारा की."

"डब्यातला प्रश्न आहे. खरा."

तिचं हसू थांबलं. माझ्या लक्षात आलं की, एवढ्या वर्षांत मी तिला कधीच काही विचारलं नव्हतं.

"तुला जायचं होतं?"

तिनं चष्मा काढला, पदरानं पुसला आणि हातातच ठेवला.

"व्हय," ती म्हणाली. "लई जायचं होतं, ताई."

अंगणात मुलं कुणाच्या तरी उच्चारावर हसत होती.

"त्या शनिवारी मी तुम्हाला थांबा म्हटलं होतं, आठवतंय? बॅग दाखवायची होती. बाईंनी मला जाशील का म्हणून विचारलं होतं, ते बाबांना आदल्या दिवशी सांगितलं होतं मी. सकाळी मला घेऊन ते दुकानात गेले. तासभर एकेक बॅग हातानं चाचपत बसले, चेन ओढून बघितल्या, चाकं फिरवून बघितली. निळी घेतली. बूथच्या मागं ठेवून मी वर्गाला आले."

"आणि मग?"

"मग घरी जाऊन सांगितलं, बाई नको म्हणतायत. बाबा म्हणाले, बाई म्हणतायत तर तसंच असंल." तिनं चष्मा डोळ्यांवर चढवला. "दिवाळीपर्यंत गेलीच त्यांची नजर. मी रोज समोर बसलेली असायची, ताई. तरी नाहीच दिसला त्यांना माझा चेहरा."

मुलं आत यायला लागली. तिनं चिठ्ठी पर्समध्ये ठेवली, पर्सचं बटण लावलं आणि डब्याचं झाकण उघडून चिठ्ठी उचलायला डबा सगळ्यांत आधी माझ्यापुढं धरला.